ऊसबिल आणि घरची अडीअडचणीची शिल्लक



लागण, खोडवा, पाचट, ठिबक, हुमणी अशा विषयांवर या अंकातून आजवर पुष्कळ लिहिले. आज विषय वेगळा घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने सभासदाच्या घरच्या पैशात कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. कारण घडलेली गोष्टच तशी आहे.

माझ्या गटात एक सभासद आहेत. वय साठीच्या आसपास, सगळे गाव त्यांना तात्या म्हणते. दोन एकर ऊस. एकरी तीस टनांवर अडकले होते. माती परीक्षण, पाच फुटी सरी, बेणेप्रक्रिया, खताचे वेळापत्रक असे एकेक करीत आम्ही दोघांनी तीन वर्षांत एकरी चाळीस टन केले. मला त्याचे मोठे समाधान होते. त्या हंगामात ऊस डिसेंबरात तुटून गेला. जानेवारीत चारीच्या रस्त्यावर तात्यांची गाडी घसरली आणि मांडीचे हाड मोडले. बिल अजून जमा व्हायचे होते. दवाखान्यात भरायला घरात चार हजारसुद्धा निघाले नाहीत. काकूंनी एकाकडून चाळीस हजार उचलले, महिन्याला शेकडा तीन रुपयांनी.

पुढे बिल आले. पण त्यातून आधी सोसायटी वळती झाली, मग खताच्या दुकानाची उधारी गेली, मग खोडव्याचा खर्च निघाला. पैसे देणारा म्हणाला, "राहू द्या की, घाई काय हाय? व्याज तेवढं देत चला." असे दहा महिने चालले. मी भेटायला गेलो तेव्हा काकू चहा देता देता म्हणाल्या, "साहेब, टनेज वाढवलं तुमी, लई चांगलं केलं. पर घरात चार दिस पुरंल एवढं पैसं काय ऱ्हायलं न्हाईत बगा. ते कसं राखायचं ते बी सांगा की एकदा."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आता ते देण्याचा प्रयत्न करतो.

दीडशे रुपये टनामागे जातातच

आधी तात्यांचाच हिशेब मांडू. चाळीस हजारांवर शेकडा तीन रुपये म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. दहा महिन्यांचे झाले १२,००० रुपये. मुद्दल तसेच उभे. आता तात्यांचा ऊस किती, तर दोन एकरांत ८० टन. बारा हजारांना ऐंशीने भागा. टनामागे दीडशे रुपये आले.

म्हणजे तात्यांनी त्या वर्षी प्रत्येक टनामागे दीडशे रुपये बाजूला काढलेच. फक्त ते स्वतःच्या घरासाठी काढले नाहीत, दुसऱ्याच्या घरासाठी काढले. जो सभासद म्हणतो की "साहेब, शिल्लक टाकायला आमच्याकडं उरतंय काय?", त्याने गेल्या वर्षी व्याजापोटी काय दिले ते एका कागदावर लिहून पाहावे. बहुतेक घरांत शिल्लक टाकण्याइतके पैसे निघून गेलेले दिसतील.

आपल्या पैशाची चाल

नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो. त्याला सांगतात की तीन ते सहा महिन्यांचा खर्च गाठीला ठेवा. आपली चाल निराळी. सुरू ऊस बारा महिन्यांचा, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांचा, आडसाली सोळा ते अठरा महिन्यांचा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसालीचे पैसे दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात दिसतात. खर्च मात्र रोजचा.

त्यात आणखी दोन गोष्टी. पहिली, तोड लांबते. टोळ्या कमी पडल्या, पाऊस लागून राहिला, रस्ता चिखलाने बंद झाला की महिना-दीड महिना सहज जातो. दुसरी, बिल लांबते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज द्यावे लागते. नियम असा आहे. परंतु साखर चार महिन्यांत तयार होते आणि ती विकायची बारा महिने, तीही केंद्र सरकार दर महिन्याला ठरवून देईल तेवढ्या कोट्याने. मधल्या काळात कारखाने साखर तारण ठेवून बँकेची उचल घेतात आणि त्यातून बिले काढतात. साखरेचा भाव पडला की उचल अपुरी पडते आणि बिले अडतात. आपल्या जिल्ह्यात हे किती वेळा घडले ते सभासदांना मी सांगायला नको. थकलेले बिल मागणे हा आपला हक्कच आहे, तो सोडू नका. पण हक्काचे पैसे येईपर्यंत किराणा दुकानदार थांबत नाही, हेही खरे.

वर निसर्ग. २०१८ साली पाऊस गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोला, मंगळवेढा भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. कितीतरी ऊस गव्हाणीकडे न जाता दावणीला गेला. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसाने भीमाकाठ बुडाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळा भागात उभी पिके आणि माती दोन्ही वाहून गेली. म्हणजे अडचण येईल का, हा प्रश्नच नाही. ती केव्हा येईल एवढेच माहीत नाही.

जुन्या लोकांनी काय केले

आपला भाग पहिल्यापासून अवर्षणाचा. इथल्या माणसाने शिल्लक राखण्याची रीत पैशाच्या आधी धान्यात बसवली होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी पिकली की वर्षाचे धान्य कणगीत, बळदात जाई आणि त्याहून जास्तीचे पेवात. पेव म्हणजे जमिनीत खोदलेला कोरडा खड्डा. आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. ते उघडताना आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागे, नाहीतर उतरणाऱ्याचा जीव जाई. त्यामुळे पेव कोणी उगाच उघडत नसे. रोजची मूठ कणगीतून, दुष्काळाची रास पेवातून. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याची बादशाही कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा या मुलुखात घरोघर सांगतात. कोठार भरलेले होते म्हणूनच ते उघडता आले, हेही त्या कथेत आहे.

जिथे शिल्लक नव्हती तिथे काय झाले त्याचाही इतिहास आहे. सावकारी पाशाने गांजलेल्या शेतकऱ्यांचा उठाव १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरू झाला. त्यात गहाणखते आणि कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू केला त्यांत पुणे, नगर, सातारा यांच्याबरोबर आपले सोलापूर होते. आजही २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पण अडलेला माणूस दवाखान्याच्या दारात उभा असताना परवाना विचारत बसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच चळवळीतली. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला आणि त्यामागून राज्यभर सहकारी कारखाने निघाले. ते नुसत्या सरकारी मदतीवर निघाले नाहीत. सभासदांनी भाग घेतले आणि पुढे ऊसबिलातून टनामागे परतीच्या, बिनपरतीच्या ठेवी कापू दिल्या. टनामागे थोडे थोडे काढून एवढाली धुराडी उभी करणारी माणसे आपण. तीच रीत घरासाठी वापरायची आहे.

शिल्लक किती असावी

एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी बसून महिन्याचा न टळणारा खर्च लिहावा. घरच्या बाईला बसवल्याशिवाय हा कागद खरा होत नाही. नमुन्यादाखल एका घराचा खर्च असा धरू: किराणा व गॅस ४,५०० रुपये, वीज व मोबाईल ८००, औषधपाणी १,०००, शाळा व एसटी पास १,७००, पेट्रोल १,०००. एकूण ९,००० रुपये. घरची ज्वारी, घरचे दूध यात धरलेले नाही. कपडे, पाहुणेरावळे, जत्राही यात नाहीत.

आता तीन पायऱ्या करा.

१) पहिली पायरी ५,००० रुपयांची. मोटार जळाली, पोराला रात्री तापाने फणफणले, एवढ्यासाठी. ही एका हंगामाच्या आत झालीच पाहिजे.

२) दुसरी पायरी चार महिन्यांच्या खर्चाची, म्हणजे वरच्या घरासाठी ३६,००० रुपये. चारच महिने का? तोड दीड महिना लांबली आणि बिल अडीच महिने लांबले तर चार महिने होतात. तेवढा काळ हात न पसरता निघाला पाहिजे.

३) तिसरी पायरी वर्षाच्या खर्चाची, म्हणजे १,०८,००० रुपये. एक अख्खी लागण पाण्यावाचून गेली तर दुसरी हाती येईपर्यंत पुरेल अशी. ही पाच-सात वर्षांची गोष्ट आहे. दुसरी झाल्याशिवाय तिसरीचा विचार नको.

उजनी आपण रोज पाहतो. धरण ११७ टीएमसीचे. त्यातले ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्याचे. २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा पातळीत गेले, तेव्हा त्या साठ्यानेच माणसे-जनावरे जगवली. घरालाही असा तळाचा साठा लागतो. आपले घर दर वर्षी वजातच असते, हे दुखणे आहे.

शिल्लक कुठून काढायची

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफआरपी जाहीर केली. प्रत्येक कारखान्याचा उतारा आणि तोडणी-वाहतूक वेगळी. हिशेबापुरते टनाला २,६०० रुपये हाती येतात असे धरू. ऐंशी टनांचे २,०८,००० रुपये होतात. टनाला दीडशेप्रमाणे काढले तर १२,००० रुपये, म्हणजे शंभरातले सहासुद्धा नाहीत. तीन हंगामांत ३६,००० रुपये पुरे. व्याज वेगळे.

ज्यांच्या दावणीला दोन गाई आहेत त्यांना याहून लवकर जमेल. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते. वर्षाची ३६ बिले. प्रत्येक बिलातून २०० रुपये काढले तर ७,२०० होतात. ऊस आणि दूध मिळून वर्षाला १९,२००, दोन वर्षांत ३८,४००. दुसरी पायरी दोनच वर्षांत पार.

ही कपात कारखाना करणार नाही. ती ज्याची त्याने करायची आहे. बिल जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात आधी शिल्लक काढा, मग उरलेल्यात खर्च बसवा. आपण उलटे करतो. बिल येते नेमके संक्रांतीच्या आसपास, सोलापूरला गड्ड्याची यात्रा भरलेली असते, आणि उरले तर शिल्लक टाकू म्हणता म्हणता फेब्रुवारी उजाडतो.

माझ्या खात्याच्या दोन सूचना यातच सांगतो. सगळी लागण एकाच हंगामात करू नका. निम्मी आडसाली, निम्मी सुरू केली तर तोड आणि बिल मागे-पुढे होते आणि खोडव्याचेही तसेच. शिवाय पूर्वहंगामी आणि सुरू उसात हरभरा, कांदा असे आंतरपीक घ्या. बिलाच्या आधी हातात पैसा येतो, त्यातले काही थेट शिल्लकेला टाका.

कुठे ठेवायची

पेवाचा गुण लक्षात घ्या. रोजची कणगी वेगळी, पेव वेगळे. ज्या खात्यावर ऊसबिल येते त्याच खात्यावर शिल्लक राहू दिली तर ती राहत नाही. शिवाय त्याच बँकेचे कर्ज थकले तर बँक तिथल्या ठेवीवर हात ठेवू शकते. म्हणून निराळ्या बँकेत किंवा टपाल खात्यात निराळे खाते काढा.

साधारण एका महिन्याचा खर्च बचत खात्यावर ठेवा. उरलेल्याची मुदत ठेव करा, पण एक मोठी पावती करू नका. नऊ-नऊ हजारांच्या तीन पावत्या करा. गरज नऊ हजारांची असेल तर एकच पावती मोडेल, बाकीच्यांचे व्याज बुडणार नाही. टपालाची मुदत ठेव सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही, हे आधी ध्यानात घ्या.

खाते नवरा-बायको दोघांच्या नावे आणि 'दोघांपैकी कोणीही' पैसे काढू शकेल असे असावे. एका सभासदाच्या खात्यात सत्तर हजार होते. ते स्वतः ऑपरेशनच्या टेबलावर, आणि घरची बाई पासबुक घेऊन बँकेच्या खिडकीत रडत उभी. सही नाही म्हणून पैसे नाहीत. बँकेचे नियमाने बरोबर होते. चूक खाते काढताना झाली होती. वारसाची नोंदही त्याच दिवशी करून टाका.

आता सुरक्षिततेचे. १९६० साली केरळातली पलई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १९६२ पासून आपल्या देशात ठेवींना विमा आला. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. तो राष्ट्रीयीकृत, खासगी आणि सहकारी बँकांना आहे. पतसंस्थांना नाही. टपालातल्या पैशाला केंद्र सरकारची हमी आहे. दोन टक्के जादा व्याजाच्या आशेने शिल्लक पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये टाकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या मराठवाड्यात अशा संस्थांना कुलपे लागून किती घरे रडली ते आपण पाहिले. बँकेतही सगळे एका ठिकाणी नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. विमा होता, पण अडचणीच्या दिवशी पैसे हातात नव्हते.

सोने, शेळी, भिशी यांचे काय, असे विचारतात. सोने अडचणीला कामी येते, पण गहाण पडले की सुटायला वर्षे लागतात. शेळी-बोकड विकता येतो, मात्र दुष्काळात सारेच विकायला काढतात आणि बाजार पडतो. भिशीचा नंबर आपल्या अडचणीच्या महिन्यात लागेलच असे नाही. महिला बचत गट चांगला, तो चालू ठेवा. पण हे सारे घरच्या शिल्लकेला जोड म्हणून, तिच्या जागी नव्हे.

केव्हा मोडायची

दवाखाना, जळालेली मोटार किंवा फुटलेली पाइपलाइन, लांबलेले बिल, पूर-दुष्काळ, घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळणे. एवढ्यासाठीच. लग्न, बारसे, जत्रा, नवी मोटारसायकल, ट्रॅक्टरचे डाऊन पेमेंट ही अडचण नव्हे. त्यांची तारीख आपल्याला आधी माहीत असते. त्यासाठी वेगळे साठवावे.

शेजारी-पाहुणे हातउसने मागतील. नाही म्हणणे अवघड जाते, मला कळते. तेव्हा शिल्लक किती आहे हे पारावर सांगू नये, हाच त्यावरचा उपाय.

आणि मोडली तर वाईट वाटून घेऊ नका, ती त्यासाठीच होती. उसाची उगवण विरळ झाली की आपण नांग्या भरतो. तशा पुढच्या बिलात नांग्या भरा. त्या वर्षी टनामागे दीडशेऐवजी दोनशे काढा.

कर्ज असेल तर

पीककर्ज मुदतीत भरा. मुदतीत भरणाऱ्याला केंद्र आणि राज्याची व्याजसवलत मिळून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडते. शिल्लक टाकण्यापायी ते थकवणे म्हणजे तोटाच. खासगी देणे असेल तर पहिल्या पायरीचे पाच हजार आधी जमवा, मग त्या देण्यावर तुटून पडा, आणि ते फिटल्यावर दुसरी पायरी धरा. पाच हजारही न ठेवता सगळे देण्यात घातले तर पुढच्या आठवड्यात मोटार जळते आणि माणूस पुन्हा त्याच दारात जातो.

विमा-योजना सोडू नका. वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांत जीवनज्योती, दोन्हींत दोन-दोन लाखांचे संरक्षण आहे. महात्मा फुले योजनेत नेमलेल्या दवाखान्यांत उपचार होतात. पण विम्याचे पैसे नंतर येतात आणि गाडीभाडे, बाहेरच्या तपासण्या, बुडालेले दिवस यांना रोख लागते. ती रोख म्हणजेच ही शिल्लक.

तात्या आता काठी न घेता चालतात. गेल्या हंगामात बिल झाले तेव्हा काकूंनी टपालात दोघांच्या नावे खाते काढून बारा हजार भरले आणि पासबुक मला दाखवायला गट ऑफिसात घेऊन आल्या. बाजूला बसलेले दोघे-तिघे सभासद ते पाहत होते. त्यातला एक जण म्हणाला, "आमचं बी बसवा की साहेब गणित."

ज्यांना गणित बसवायचे आहे त्यांनी खर्चाचा कागद आणि मागच्या हंगामाची बिलाची पावती घेऊन गट ऑफिसात यावे. जोडीने यावे. लागणीची नोंद घेताना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे काम होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी